मदत हवी आहे : स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर स्तनाखालच्या घडीतली जखम भरत नाही

सांगली-मिरजेत घरी ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर किंवा प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डातला अनुभव असलेलं कुणी आहे का?

रुग्ण 42 वर्षांच्या, तिसरा आठवडा. उलट्या टीच्या उभ्या-आडव्या टाक्यांचा जोड उकललाय : 3 × 2 सेंमी, खोली 5 मिमी, तळाला पिवळसर थर. ताण सर्वाधिक आणि रक्तपुरवठा कमी तिथेच, त्यामुळे उकलणं नवल नाही. ताप, वास, पसरणारी लाली नाही. स्तनाग्राचा रंग चांगला. सर्जन पुन्हा टाके न घालता तळापासून भरू देताहेत, ते पटतं.

सलाइनने धुऊन हायड्रोजेलचा (जखम ओलसर ठेवणारं जेल) पातळ थर, वर फोम (ओल शोषणारी स्पंजसारखी पट्टी). हायड्रोजन पेरॉक्साइड बंद केलं, ते नव्या पेशीही मारतं. तीन महिन्यांची सरासरी साखर ठीक. वजन 64 किलो, म्हणून प्रथिनं रोज 80 ते 95 ग्रॅम.

अडचण अशी, की घामाने फोमची खालची कड गुंडाळते, ओल साचते आणि भोवतीची कातडी पांढरी, भुसभुशीत होते. मायक्रोपोरने (कागदी चिकटपट्टी) साल निघते. सिलिकॉन कडेचा फोम घडीत टिकतो का? आधी बॅरियर फिल्म (कातडी जपणारा पातळ थर) लावावी का? असे फोम सुटे कुठे मिळतील?

दुसरं, मला जास्त काळजी याची : त्यांची मिश्री सुटत नाहीये. तंबाखू ओढा की हिरड्यांना चोळा, निकोटीन रक्तात जाऊन बारीक रक्तवाहिन्या आकसवतंच. म्हणून तंबाखू सोडवायला देतात ती निकोटीनची गोळी इथे नको वाटते. निदान जखम भरेपर्यंत मिश्री थांबवायला बायकांना कशाने मदत झाली, ते कृपया सांगा.