अमेरिकेत सामान्य माणसाला मत जॅक्सनने मिळवून दिले का?

विणकराची_नात (इतवारी, नागपूर)

नमस्कार. आमच्या रविवारच्या वाचन मंडळात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकेवर मला बोलायचे आहे. 1828 साली अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष म्हणून निवडून आला आणि त्याने सामान्य माणसाला राजकारणात आणले, असे बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. आकडेही वरवर तसेच दिसतात: 1824 च्या अध्यक्षीय निवडणुकीत पात्र मतदारांपैकी सुमारे 27 टक्क्यांनी मत दिले, 1828 साली सुमारे 57 टक्क्यांनी. पण हे प्रमाण पात्र मतदारांतले आहे. म्हणजे हक्क असूनही 1824 साली इतके लोक घरी का बसले होते, आणि तो हक्क त्यांना मुळात कोणी दिला होता?

मत देण्यासाठी मालमत्ता असण्याची अट हा माझ्यासाठी केवळ पुस्तकातला विषय नाही. माझे आजोबा इतवारीत हातमागावर साड्या विणत. नावावर ना शेत ना घर, त्यामुळे इंग्रजांच्या काळात त्यांना मत नव्हते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेले होते. आपले चिन्ह नीट ओळखू येईपर्यंत आपण चिठ्ठी हातात घट्ट धरून उभे होतो, असे ते सांगत.

निवृत्त_प्राध्यापक (धरमपेठ)

ताई, आपली शंका रास्त आहे. जॅक्सनने मताधिकार दिला नाही. वाढलेल्या मताधिकारावर तो निवडून आला. मत कोणाला द्यायचे हे तेव्हा केंद्र ठरवत नसे, प्रत्येक राज्य आपापल्या संविधानात ठरवत असे. इंडियाना (1816), इलिनॉय (1818) आणि अलाबामा (1819) ही नवी राज्ये मालमत्तेची अट न घालताच संघराज्यात आली, कारण त्यांना वस्ती वाढवायची होती आणि नुकत्याच आलेल्या माणसाकडे जमिनीचे पक्के कागद असण्याची शक्यता कमी होती. जुन्या राज्यांपैकी कनेक्टिकटने 1818 साली आणि न्यूयॉर्कने 1821 च्या संविधान परिषदेत ही अट मोडली किंवा पुष्कळ सैल केली. ब्रिटनविरुद्धच्या 1812 च्या युद्धात ज्यांनी बंदूक उचलली त्यांना मत का नाही, या प्रश्नाला जमीनदारांकडे पटेल असे उत्तर नव्हते. व्हर्जिनिया मात्र 1851 पर्यंत अडून राहिले.

आता 27 टक्क्यांविषयी. 1824 साली 24 पैकी सहा राज्यांत अध्यक्षाचे निर्वाचक (अध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणारे राज्याचे प्रतिनिधी) राज्याचे विधिमंडळच निवडत असे, त्यामुळे तिथे नागरिकाला अध्यक्षासाठी मत देण्याची सोयच नव्हती. आणि काही राज्यांत निकाल आधीच ठरल्यासारखा होता. चार उमेदवारांपैकी जॅक्सनला 99, अ‍ॅडम्सला 84, क्रॉफर्डला 41 आणि क्लेला 37 निर्वाचक मते मिळाली. बहुमताला 131 हवी होती. निर्णय प्रतिनिधिगृहाकडे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे गेला, तिथे 13 राज्यांच्या पाठिंब्यावर अ‍ॅडम्स निवडला गेला आणि त्याने क्लेला परराष्ट्रमंत्री केले. क्लेने पाठिंबा देऊन पद मिळवले, हाच सौदा जॅक्सनचे समर्थक चार वर्षे लोकांपुढे मांडत राहिले. 1828 पर्यंत विधिमंडळाकरवी निर्वाचक निवडणारी डेलावेअर आणि साउथ कॅरोलायना ही दोनच राज्ये उरली होती. लोक घराबाहेर पडले ते आपल्या मताने निकाल फिरू शकतो हे दिसल्यावर.

बूथवरचा_माणूस (सक्करदरा)

सरांचे म्हणणे मान्य आहे, परंतु लोक आपोआप बाहेर पडत नाहीत, हे अनेक निवडणुकांत बूथ सांभाळल्यामुळे मी खात्रीने सांगू शकतो. 1824 पर्यंत उमेदवार काँग्रेसमधील, म्हणजे अमेरिकी संसदेतील, सदस्यांची बैठक ठरवत असे. त्या वर्षी क्रॉफर्डला निवडणाऱ्या बैठकीला केवळ 66 सदस्य आले आणि ती पद्धत तिथेच संपली. जॅक्सनचा सहकारी मार्टिन व्हॅन ब्युरेनने न्यूयॉर्कमध्ये जी बांधणी केली, तिच्यात गावागावांतल्या समित्या होत्या, पक्षाची वर्तमानपत्रे होती आणि कार्यकर्त्याला सरकारी पदाची आशा होती. सरकारने छापलेली मतपत्रिका तेव्हा नव्हतीच. पक्ष आपल्या उमेदवारांची यादी छापून वाटत असे, मतदार तीच पेटीत टाकत असे, आणि कागदाच्या रंगावरून कोणाचे मत कोणाला हे भोवतालच्या सर्वांना कळू शकत असे. व्हर्जिनिया व केंटकीत तर अधिकाऱ्यासमोर उभे राहून उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगावे लागे. ज्या दुकानदाराची उधारी आहे किंवा ज्याच्या जमिनीवर राहतो आहोत, तो माणूस शेजारीच उभा असताना असे मत देणे किती अवघड असेल, याचा विचार आपण भाषणात जरूर मांडावा.

वकील_सिव्हिल_लाइन्स

वरच्या दोन्ही उत्तरांतून एक बाजू सुटली आहे, आणि माझ्या मते ती मुख्य आहे. ज्या 1821 च्या परिषदेने न्यूयॉर्कमध्ये गोऱ्या पुरुषांवरील मालमत्तेची अट उठवली, त्याच परिषदेने कृष्णवर्णीय पुरुषांसाठी 250 डॉलरच्या स्थावर मालमत्तेची अट लिहिली. न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या अविवाहित स्त्रिया आणि कृष्णवर्णीय मत देत असत. 1807 साली तो हक्क गोऱ्या पुरुषांपुरता केला गेला. नॉर्थ कॅरोलायनाने 1835 मध्ये आणि पेनसिल्व्हेनियाने 1838 मध्ये स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) कृष्णवर्णीयांचे मत काढून घेतले. जमिनीची कसोटी गेली की मतदार कोण हे नव्याने लिहावे लागते, आणि तिथे ‘गोरा’ हा शब्द बसवला गेला. म्हणून हे लोकशाहीच्या वाढीतले राहून गेलेले काम नव्हे. वाढ आणि वगळणूक एकाच लेखणीने झाली. 1830 चा आदिवासींच्या स्थलांतराचा कायदाही याच लोकप्रिय अध्यक्षाचा. त्यातून 1838-39 मध्ये चेरोकी या आदिवासी जमातीच्या सुमारे 16,000 लोकांना पश्चिमेकडे हाकलले गेले आणि त्यांतले अंदाजे 4,000 जण मृत्युमुखी पडले.

विणकराची_नात (इतवारी, नागपूर)

सर्वांचे मनापासून आभार. मी सुरुवात जॅक्सनपासून न करता न्यूयॉर्कच्या त्या कलमापासून करीन. वकील साहेब म्हणतात तसे सगळीकडेच झाले का?

निवृत्त_प्राध्यापक (धरमपेठ)

वकील साहेबांनी माझ्या उत्तरातली उणीव भरून काढली. सगळीकडे मात्र तसे झाले नाही. ऱ्होड आयलंड पाहा. तिथे इंग्लंडच्या राजाने दिलेल्या 1663 च्या सनदेवर कारभार चाले आणि मतासाठी 134 डॉलरची जमीन लागे. 1841 साली थॉमस डॉर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सरकारला न विचारता ‘जनतेचे संविधान’ मंजूर करून घेतले, पण त्यात मत गोऱ्या पुरुषांनाच होते, म्हणून तिथले कृष्णवर्णीय सरकारच्या बाजूने उभे राहिले. 1842 च्या मे महिन्यात प्रॉव्हिडन्सच्या शस्त्रागारावर डॉरच्या माणसांनी तोफ लावली, ती उडालीच नाही, आणि उठाव मोडला. 1843 च्या नव्या संविधानात देशात जन्मलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना गोऱ्यांच्या बरोबरीने मत मिळाले. जमिनीची अट राहिली ती परदेशातून येऊन नागरिक झालेल्यांसाठी, त्यांत आयरिश कामगार पुष्कळ होते, आणि ती 1888 पर्यंत टिकली.