ठिपका पडतो कुठे, हेही बघायला हवं
अपघातांची सरकारी आकडेवारी नकाशावर टाकली, दर अपघाताला एक ठिपका, की धोक्याच्या जागा आपोआप कळतील, असं या चर्चेत कुणी तरी म्हटलंय. अर्धंच पटलं. जिथे वर्दळ जास्त तिथे ठिपकेही जास्त पडणार. तिथून किती वाहनं जातात हा आकडा सोबत नसेल, तर तो नकाशा धोक्याचा कमी आणि गर्दीचा जास्त.

या चर्चेत अजून न आलेला मुद्दा म्हणजे ठिपक्याची जागा. नोंद करणाऱ्याला नेमकं ठिकाण माहीत नसलं की बरेचदा जवळचा चौक लिहिला जातो. मग एकाच अक्षांश-रेखांशावर ठिपके एकावर एक चढतात, झूम करून टिचकी मारल्याशिवाय कळतही नाही. (जिओजेसनमध्ये, म्हणजे नकाशाची माहिती साठवायच्या एका फाइल-प्रकारात, रेखांश आधी असतो. उलटं भरलं तर अख्खं शहर भलतीकडे जातं, पण ते निदान लगेच दिसतं तरी!) ब्रिटनचं वाहतूक खातं १९७९ पासूनच्या नोंदी खुल्या देतं, उजेड, हवामान, रस्त्याची अवस्था असे रकानेही त्यात आहेत. पण त्यातही पोलिसांपर्यंत पोचलेले आणि कुणाला तरी इजा झालेले अपघातच येतात, नुसता पत्रा चेपला तर नाही. आपल्या नकाशात जागा 'नेमकी' की 'अंदाजे' एवढा एक रकाना आधी घाला, रंगसंगतीचं नंतर बघू.