वडिलांची प्रत बांधायला द्यावी की तशीच ठेवावी?

समासरेषा

वडिलांच्या वापरातली एक कादंबरी माझ्याकडे आहे. तिचे नाव मुद्दामच देत नाही, कारण प्रश्न त्या कादंबरीविषयी नसून त्या एका प्रतीविषयी आहे. वडिलांनी ती आयुष्यात निदान तीनदा पूर्ण वाचली हे मी खात्रीने सांगू शकते, कारण दर वेळी त्यांनी समासात पेन्सिलीने टिपा केल्या आणि तिन्ही वेळची अक्षरे वेगळी आहेत. पहिले अक्षर बारीक, टोकदार आणि घाईचे आहे. दुसरे दिवसभर कागदांवर शेरे मारणाऱ्या माणसाचे, सराईत आहे. शेवटचे हात थरथरू लागल्यानंतरचे, मोठे आणि ओळ सोडून खाली उतरणारे आहे. पृष्ठ 142 वर ही तिन्ही एकत्र आली आहेत. नायक भावाला न सांगता घर सोडतो, त्या परिच्छेदाशेजारी तरुणपणीच्या अक्षरात ‘मूर्ख!’ असे लिहिले आहे. त्याखाली मधल्या अक्षरात ‘इतकाही नाही’ असे आहे, आणि पानाच्या अगदी तळाशी, मजकूर संपल्यावर उरलेल्या पट्टीत, ‘मी असेच केले असते’ असे आहे.

आता पुस्तकाचा कणा फाटला आहे, दोन ठिकाणी पाने सुटून बाहेर डोकावू लागली आहेत आणि कागद चांगलाच पिवळा पडला आहे. बांधणी करणाऱ्या एका गृहस्थांना दाखवले, तेव्हा त्यांनी पुस्तक हातात घेऊन दोनदा उलटसुलट केले आणि ‘कडा कापून, नवा पुठ्ठा चढवून अगदी नव्यासारखे करून देतो’ असे सांगितले. ‘नव्यासारखे’ या शब्दानेच माझा धीर सुटला आणि मी पुस्तक घेऊन परत आले.

मधल्या काळात त्याच कादंबरीची नवी आवृत्ती विकत घेऊन पाहिली. मजकूर तोच आहे, अक्षर मोठे आहे, कागद पांढराशुभ्र आहे, पण मला त्या प्रतीत वाचताच येत नाही. हवे ते वाक्य सापडत नाही आणि सापडले तरी ते मला ओळखत नाही असे वाटते. तेव्हा जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ही प्रत बांधायला द्यावी का, आणि दिल्यास काय सांगून द्यावी? दुसरे असे की, एका विशिष्ट प्रतीवाचून अडणे हा निव्वळ माझा भाबडेपणा आहे, की आणखी कोणाला असा अनुभव आला आहे?

दोरा आणि खळ

मी ग्रंथालयाच्या दुरुस्ती विभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. पुस्तक मिटून टेबलावर उभे धरा आणि वरच्या बाजूने कण्याकडे पाहा. पानांचे छोटे छोटे गठ्ठे घडी घातल्यासारखे वेगळे दिसत असतील, तर पुस्तक फर्म्यांचे आहे. फर्मा बहुधा सोळा पृष्ठांचा असतो. त्याच्या बरोबर मधोमध पुस्तक उघडले की घडीत दोरा दिसला पाहिजे. तो दिसला, तर तुमचे दैव बलवत्तर आहे असे समजा, कारण शिवलेले पुस्तक उसवून त्याच घड्यांमधून पुन्हा शिवता येते आणि त्यात समासाचा एक केसही कमी होत नाही. फर्मे दिसत नसतील आणि प्रत्येक पान सुटे सुटे सरसावर चिकटवलेले असेल, तर काम निराळे आहे. अशा वेळी पाने एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला पंख्यासारखी कलवून नव्याने चिकटवतात. तेही चांगले होऊ शकते, पण त्याला सवयीचा हात लागतो.

बांधणाऱ्याला तीन गोष्टी तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहून द्या आणि ती चिठ्ठी पुस्तकातच ठेवा. कडा कापायच्या नाहीत. बाजूने आरपार भोके पाडून टाचायचे नाही, कारण तसे केले की आतला समास टाक्यांत जातो आणि पुस्तक पुन्हा कधी सपाट उघडत नाही. फाटलेल्या पानांना पारदर्शक चिकटपट्टी लावायची नाही. या पट्टीवर माझा विशेष राग आहे. काही वर्षांत तिचे प्लास्टिक सुटून पडते, डिंक मात्र कागदात मुरून तपकिरी होतो आणि तो डाग जवळजवळ कायमचा राहतो. फाटलेल्या जागी लांब धाग्यांचा पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. तिची थोरवी एवढीच की उद्या कोणाला ती दुरुस्ती चुकीची वाटली, तर ती ओलाव्याने सोडवता येते.

आता कागदाविषयी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद मुख्यतः सुती आणि लिननच्या चिंध्यांपासून होत असे, म्हणून त्याहून जुनी कितीतरी पुस्तके आजही धडधाकट आहेत. पुढे लाकडाचा लगदा आला. त्यातल्या स्वस्त प्रकारात लाकडातले लिग्निन हे द्रव्य तसेच राहते, ते हवा आणि उजेड लागून पिवळे पडते. शाई फुटू नये म्हणून कागदाला तुरटी आणि राळ देत, त्यातून आम्ल तयार होऊन कागदाचे तंतू आतूनच तुटत जातात. टिकाऊ कागदासाठी आयएसओ 9706 हे आंतरराष्ट्रीय मानक 1994 मध्ये आले, त्यामुळे तुमच्या वडिलांच्या प्रतीला त्याचा लाभ मिळण्याचा संभव कमीच. जुन्या पुस्तकाचा वास ज्यांना फार प्रिय आहे, त्यांचा हिरमोड करावासा वाटत नाही, पण तो वास याच झिजेचा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी 2009 मध्ये त्या वासाचे रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध केले, आणि वासावरून कागद किती खंगला आहे याचा अंदाज बांधता येतो असे दाखवले.

हे सांगण्याचे कारण असे की, कागद फार ठिसूळ झाला असेल तर तो शिवण सोसत नाही. एखाद्या कोऱ्या पानाचा कोपरा एकदाच, हलक्या हाताने दुमडून पाहा. तो तिथल्या तिथे मोडला, तर बांधणीचा नाद सोडून प्रतीच्या मापाची आम्लविरहित पुठ्ठ्याची पेटी करून घ्या आणि तीत पुस्तक आडवे ठेवा. पेन्सिलीच्या टिपांची काळजी त्या मानाने कमी आहे. शिसपेन्सिलीतले ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच, ते उजेडाने उडत नाही आणि पाण्याने पसरत नाही. त्याला भीती फक्त घासण्याची आहे, त्यामुळे पाने स्वच्छ करण्याच्या उत्साहात कोणी रबर हाती घेणार नाही एवढे पाहा.

तिसरा ठिपका

वरील माहिती मोलाची आहे, पण पेटीचा सल्ला मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगण्यासाठी आमच्या घरच्या शब्दकोशाची हकिकत सांगावी लागेल.

आईचा नियम असा होता की, कोशात जो शब्द पाहायचा त्याच्याशेजारी पेन्सिलीने एक ठिपका द्यायचा. पुन्हा तोच शब्द पाहण्याची वेळ आली, तर दुसरा ठिपका. तिसरा ठिपका देण्याची वेळ आली की ती कोश मिटून घ्यायची आणि म्हणायची, ‘आता हा शब्द वापरून मला एक वाक्य सांग, मगच पुढे.’ शिक्षा म्हणावी तर ती नव्हती, पण तिसऱ्या ठिपक्याची मला खरोखर धास्ती असे, आणि त्या धास्तीने पाठ झालेले शब्द मी आजही विसरलेलो नाही. ‘अन्योन्य’ या शब्दाशेजारी पाच ठिपके आहेत. त्यांतले दोन आईचे आहेत, कारण तिचे ठिपके दाबून दिलेले आणि चौकोनी असत. तिलाही तो शब्द दोनदा पाहावा लागला होता, हे मला ती गेल्यानंतर कळले.

तो कोश आज पूर्ण नाही. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ची पाने कधीच गळून गेली, सुरुवातीची प्रस्तावना अर्धी आहे, आणि पुठ्ठ्याच्या जागी एका जुन्या फाइलचे आवरण आहे. तरीही तो टेबलावर असतो आणि रोज उघडला जातो. माझी मुलगी आता त्यात रंगीत पेन्सिलीने ठिपके देते, ते पाहून प्रथम मी दचकलो, मग गप्प बसलो. हा कोश मी पेटीत ठेवला असता, तर आईचे ठिपके सुरक्षित राहिले असते हे मान्य, पण ते मोजणारे कोणी उरले नसते. समासरेषा यांनी प्रत जरूर बांधून घ्यावी, ती थोडीफार बिघडली तरी चालेल, पण वाचत राहावी.

डावे पान

दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते. हा भाबडेपणा नाही. आपण वाक्य आठवताना ते पानावर कुठे होते तेही आठवतो: डावीकडे, तळाशी, एका मोठ्या परिच्छेदाच्या शेवटी. अर्न्स्ट रॉथकॉफ या मानसशास्त्रज्ञाने 1971 मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात वाचकांना जागा लक्षात ठेवायला कोणीही सांगितले नव्हते, तरी एखादी माहिती पानाच्या कोणत्या भागात होती हे त्यांना निव्वळ अंदाजाने जमले असते त्याहून बरे सांगता आले. नव्या आवृत्तीत अक्षरजुळणी बदलली की सगळी वाक्ये घरे बदलतात. तुम्ही ओळखीच्या पत्त्यावर जाता आणि दार दुसरेच कोणी उघडते, तशातली ही गत आहे.

छापील पुस्तकात याला हातांचीही जोड असते. उजव्या हातात किती पाने उरली आहेत याची जाड-पातळ जाणीव वाचताना सतत चालू असते. अ‍ॅन मँगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकच दीर्घ कथा काहींना कागदावर आणि काहींना किंडलवर वाचायला दिली होती. बहुतेक चाचण्यांत दोन्ही गट सारखेच ठरले, मात्र घटनांचा क्रम लावताना कागदावर वाचणारे सरस ठरले. यावरून किंडलला नावे ठेवण्याचे कारण नाही, मी स्वतः प्रवासात तेच वापरते. पण तुमची स्मृती ज्या पानावर बसली आहे, ते पान दुसऱ्या प्रतीत मिळणार नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येईल.

जाता जाता एक गंमत. पानाचे कोपरे दुमडणाऱ्यांना आपण रागावतो, पण आयझॅक न्यूटन हे काम सर्रास करीत. ते कोपरा असा दुमडत की त्याचे टोक नेमके हव्या त्या शब्दावर यावे. त्यांच्या संग्रहातल्या जुन्या पुस्तकांत त्या घड्यांच्या खुणा अजून दिसतात.

अर्धवट वाचक

पेटी की वापर या वादात न पडता एक सुचवतो. बांधायला देण्यापूर्वी टिपा असलेल्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या आणि टिपांची पृष्ठांकांसह एक यादी हाताने लिहून काढा. एका प्रमेयाची सिद्धता आपल्याला सापडली आहे पण ती समासात मावत नाही, अशी गणितज्ञ फेर्माने 1637 च्या सुमारास आपल्या प्रतीच्या समासात लिहिलेली ती प्रसिद्ध टीप आपल्यापर्यंत पोहोचली, ती त्याच्या मुलाने 1670 मध्ये वडिलांच्या टिपांसह ते पुस्तक पुन्हा छापले म्हणून. टिपा ज्या प्रतीत होत्या, ती प्रत नाहीशी झाली. मुलाने ‘बाबांचे पुस्तक कपाटात आहेच की’ असे म्हटले असते, तर 1995 मध्ये प्रसिद्ध झालेली अँड्र्यू वाइल्स यांची सिद्धता कोणत्या प्रश्नाचे उत्तर ठरली असती, हा विचार करण्यासारखा आहे.

समासरेषा

सर्वांचे आभार. उशिरा लिहीत आहे, कारण आधी यादी पूर्ण केली. एकूण 211 टिपा निघाल्या. त्यांतल्या नऊ मला अजून लागलेल्या नाहीत, आणि एक टीप वडिलांची नसून आत्याच्या हातची आहे असा घरच्यांचा कौल पडला. तिने ही कादंबरी वाचली होती हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते, आणि आता तिला विचारण्याची सोयही राहिलेली नाही.

पुस्तक फर्म्यांचे निघाले आणि घडीत दोराही दिसला. कोपरा दुमडून पाहिला, तो वाकला पण मोडला नाही. तेव्हा दुसऱ्या एका बाइंडरांकडे चिठ्ठीसह काम दिले. त्यांनी चिठ्ठी वाचून, कडा न कापल्या तर पाने खालीवर दिसतील आणि काम कच्चे वाटेल, अशी एकदा स्पष्ट सूचना दिली, आणि मी हो म्हटल्यावर पुन्हा विषय काढला नाही. काल प्रत हाती आली. पाने खरोखरच खालीवर दिसतात. पेटी केलेली नाही, सध्या ती माझ्या उशाशी आहे.

कुतूहल म्हणून त्यांना विचारले की, कडा कापल्या असत्या तर किती जागा गेली असती. ‘तीन-चार मिलिमीटर, फार तर’ असे ते म्हणाले. घरी येऊन पृष्ठ 142 वर पट्टी लावून पाहिली. तळाची ओळ वडिलांनी पानाच्या अगदी डाव्या कडेपासून सुरू केली आहे, आणि तिचा पहिला शब्द पहिल्या चार मिलिमीटरांतच संपतो. तो शब्द ‘मी’ हा आहे.