टाळेबंदीतील स्वच्छ हवेचा हिशेब कसा मांडावा?

प्रश्न
एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत हवा स्वच्छ झाल्यामुळे पंजाबमधील जालंधरहून हिमालयातील धौलाधारच्या रांगा दिसू लागल्या होत्या. त्या एप्रिल-जून तिमाहीत देशाचे सकल देशांतर्गत उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटले. या आर्थिक फटक्याच्या बदल्यात पर्यावरणाला टिकाऊ असे काही मिळाले का? महाविद्यालयातील निबंधासाठी माहिती हवी आहे.

प्रतिसाद १
हवेपुरते बोलायचे, तर टिकाऊ असे फारसे नाही. वाहने थांबताच त्यांच्या धुरातील नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्याने उतरला, कारण तो हवेत काही तासच टिकतो. कार्बन डायऑक्साइडचे मात्र तसे नाही. २०२० मध्ये जगाचे उत्सर्जन सुमारे ५ टक्क्यांनी कमी झाले, तरी उरलेल्या ९५ टक्क्यांची भर पडतच राहिल्यामुळे हवाई बेटांवरील मौना लोआ वेधशाळेत त्याच वर्षीच्या मे महिन्यात ४१७ पीपीएम (हवेच्या दर दहा लाख भागांत ४१७ भाग) हा तोवरचा उच्चांक नोंदवला गेला. पुढच्याच वर्षी उत्सर्जन बहुतांशी पूर्वपदावर आले.

प्रतिसाद २
'फटक्याच्या बदल्यात' ही मांडणीच मला पटत नाही. ज्यांनी फटका सोसला, त्यांच्या वाट्याला ही हवा किती आली? त्या तिमाहीत शेती ३.४ टक्क्यांनी वाढली, पण बांधकाम क्षेत्र निम्म्याने आक्रसले. ८ मे रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील करमाडजवळ रुळांवर झोपलेले जे १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले, ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातील काम थांबल्यामुळे पायी मध्य प्रदेशातील गावांकडे निघाले होते. पुढे मनरेगाच्या ६१,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीत आणखी ४०,००० कोटींची भर घालावी लागली, यावरून गावाकडे परतलेल्यांच्या गरजेचा अंदाज येतो.

प्रतिसाद ३
टिकाऊ परिणाम शोधायचा असेल, तर अर्थव्यवस्था सावरण्याच्या नावाखाली त्या काळात कोणती धोरणे पुढे रेटली गेली, हे पाहावे. १८ जून २०२० रोजी ४१ कोळसा खाणपट्ट्यांचा व्यावसायिक लिलाव सुरू झाला. त्यात ताडोबालगतचा बांदर खाणपट्टाही होता आणि राज्य सरकारने विरोध केल्यानंतर तो वगळण्यात आला. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावरील परिणाम आधी तपासण्याच्या, नव्या अधिसूचनेचा मसुदाही ऐन टाळेबंदीत, एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाला. प्रकल्प सुरू झाल्यानंतरही मंजुरी घेण्याची सोय त्यात होती, आणि जनसुनावणीत लेखी म्हणणे मांडण्याची मुदत ३० दिवसांवरून २० दिवसांवर आणली होती. म्हणजे सभा घेण्याचीच बंदी असताना सभेचा अधिकार आखडला जात होता. दिल्ली उच्च न्यायालयाला हरकतींची मुदत वाढवून मसुद्याचे भाषांतर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत करण्याचा आदेश द्यावा लागला. निबंधात धौलाधारला एक परिच्छेद पुरे. बांदर आणि या मसुद्याला अधिक जागा द्यावी.