तिसऱ्या बटणाकडे पाहा!

पऱ्हाटीवाला
पुतण्याले अ‍ॅग्रीच्या, म्हणजे शेतकी कॉलेजच्या होस्टेलात सोडून आलो. पोट्टं गाडीतून उतरायच्या आधी इचारते, "काका, इंट्रो घेतात काय?" इंट्रो म्हणजे सिनिअर नव्या पोट्ट्यायची ओळखपरेड घेतात ते. मी १९९४ चा. फ्रेशर पार्टी होईस्तोवर सिनिअरसमोर आमची नजर आपल्याच शर्टाच्या तिसऱ्या बटणावर, केस बारीक, कॅन्टीनची पायरी चढायची नाही. पण कापसाचा चुकारा अडकला होता तेव्हा मेसचे पैसे त्याच सिनिअरनं भरले, वह्याबी त्यानंच देल्ल्या. मारहाण नकोच. पण असे साधे नियम असले तं बिघडते काय? खेड्यातून आलेलं पोट्टं त्यानंच होस्टेलात मिसळते.

वर्धेकर
भाऊ, पैसे तुमची मान खाली होती म्हणून भरले की घरी दाणा नव्हता म्हणून? दोन्हीची गाठ तुम्हीच मारताय. राज्यात १९९९ पासून रॅगिंगबंदीचा कायदा आहे : दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. एखादा मुलगा एरवी स्वखुशीनं करणार नाही ते त्याला करायला लावणं, हेही त्यात रॅगिंगच. तुमचं बटण त्यात बसते.

पऱ्हाटीवाला
कायद्यात तं हुंडाबी बसते. परंपरा कागदानं मोडत नाही.

बुटीबोरी फाटा
कोणाची परंपरा? १७३४-३५ च्या सुमारास हार्वर्डात लेखी नियम होता की पहिल्या वर्षाच्या मुलानं कॉलेजच्या आवारात टोपी घालायची नाही. सूट कधी? पाऊस, बर्फ, गारा पडत असल्या किंवा दोन्ही हातांत सामान असलं तर! विलायतेच्या निवासी शाळांत लहान पोरं मोठ्यांचे बूट पुसायची, त्यांच्यासाठी टोस्ट भाजायची. साहेबानं ते टाकून दिलं, आपण अजून उराशी धरून आहोत.

वर्धेकर
नियमच हवे असतील तर सेवाग्रामचं मेडिकल पाहा. नवी मुलं सुरुवातीचे काही दिवस गांधीजींच्या आश्रमात राहतात, अंगावर खादी. पण नियम संस्थेचा, अन् सगळ्यांना सारखा.

पऱ्हाटीवाला
खादी तरी कोण हौसेनं घालते बावा? संस्थेनं लादलं तं संस्कार, पोट्ट्यायनं लादलं तं गुन्हा!

मागच्या बाकावरची
एक गोष्ट कोणीच बोलत नाही. इंट्रोत पहिलं विचारतात पूर्ण नाव. आडनावासकट. मग गाव, मग बाप काय करतो, मग "कोणत्या लिस्टमधून लागली?" पुढचं सगळं त्या उत्तरावर. मुलींच्या होस्टेलात माझ्या रूममेटला गाणं म्हणायला लावलं, मला सिनिअरची बादली भरायला. आम्ही दोघी एकाच एसटीनं आलो होतो, मार्कही जवळपास सारखे. बटण सगळ्यांसाठी एकच असते हो, बादली नसते.

बुटीबोरी फाटा
पऱ्हाटीवाले भाऊ, आता बोला.

पऱ्हाटीवाला
(दोन दिवसांनी) पुतण्याले फोन केला. म्हटलं, आडनाव इचारलं काय? म्हणे, "हो. तुमी सिनिअर होते तेव्हा इचारत होते काय?"

इचारत होतो.