वाचताना सगळं येतं, पेपरात आठवत नाही. उजळणी नेमकी कशी करायची?

प्रश्न – नववीचा_अभ्यास

परीक्षेला २४ दिवस आहेत. सहा विषय, गणित सोडून पाच विषयांचे मिळून साधारण ५० धडे. प्रत्येक धडा दोनदा वाचून झालाय, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्यात, नोट्सही काढल्यात. पुस्तक उघडलं की सगळं ओळखीचं वाटतं, पण सराव पेपर सोडवायला बसलं की मुद्दे आठवत नाहीत. गणितात एका प्रकारची उदाहरणं ओळीने सोडवली की बरोबर येतात, पेपरात मात्र कुठली रीत लावायची तेच सुचत नाही. रोज चार तास अभ्यासाला मिळतात. आता तिसऱ्यांदा वाचू की दुसरं काही करू?

प्रतिसाद – फळा_आणि_खडू

तिसऱ्यांदा वाचू नकोस. तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे: "ओळखीचं वाटतं". समोर आलेलं ओळखणं वेगळं आणि काहीही समोर नसताना आठवणं वेगळं. पेपरात दुसरं लागतं आणि तुझा सगळा सराव पहिल्याचा झालाय.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. वाचून उठल्यावर "झालं पाठ" असं वाटतं ना, ते त्या पहिल्या पाच मिनिटांचं असतं.

म्हणून उजळणी अशी कर. पुस्तक मिटून ठेव. कोऱ्या कागदावर फक्त धड्याचं नाव लिही आणि दहा मिनिटं आठवेल ते उतरव. क्रम चुकला तरी चालेल, आकृती वेडीवाकडी आली तरी चालेल. आठवत नाही म्हणून लगेच पुस्तक उघडू नकोस, मिनिटभर डोक्याला ताण दे. फायदा त्या ताणाचाच आहे. मग पुस्तक उघड आणि सुटलेलं, चुकलेलं लाल शाईने त्याच कागदावर लिही. पुढच्या वेळी वाचायचं ते एवढंच लाल.

उदाहरणार्थ, पानात स्टार्च आहे का हे तपासण्याचा प्रयोग. आठवून लिहिताना बहुतेकांना "आयोडीन टाकलं, पान निळसर काळं झालं" एवढंच येतं. पान आधी पाण्यात उकळायचं, मग स्पिरिटमध्ये, मग कोमट पाण्यात धुवायचं, हे मधले टप्पे गळतात. स्पिरिटची परीक्षानळी थेट ज्योतीवर न धरता गरम पाण्याच्या चंचुपात्रात का ठेवतात (स्पिरिट पेट घेतं म्हणून), हे तर हमखास सुटतं. आणि "कारण द्या" मध्ये तेच विचारलं जातं! वाचताना ही गळती दिसतच नाही, कारण डोळ्यांपुढे ते छापलेलं असतं.

रेघा मारण्यात आणि नोट्स सुंदर करण्यात आता वेळ घालवू नकोस. त्यात हात दमतो, आठवण्याचा सराव होत नाही.

प्रतिसाद – वेळापत्रक

वरच्या पद्धतीत भर घालतो. किती दिवसांनी पुन्हा आठवायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. एकाच दिवशी तीनदा आठवण्यापेक्षा तीन वेगवेगळ्या दिवशी एकेकदा आठवलेलं जास्त टिकतं. थोडं विसरल्यावर पुन्हा आठवावं लागतं, म्हणून.

तुझा हिशोब मांडतो. रोज चार नवे धडे घेतलेस तर ५० धडे १३ दिवसांत संपतात. प्रत्येक धडा त्यानंतर दोन दिवसांनी आणि मग आणखी पाच दिवसांनी पुन्हा आठवायचा. म्हणजे पहिल्या दिवसाचा धडा तिसऱ्या आणि आठव्या दिवशी, तेराव्या दिवसाचा पंधराव्या आणि विसाव्या दिवशी. पहिल्या फेरीला धड्यामागे ३० मिनिटं, पुढच्या दोन्हींना १०-१० मिनिटं. ऐन गर्दीच्या दिवशी १२० + ४० + ४० = २०० मिनिटं होतात, उरलेली ४० मिनिटं गणिताला. चार तास बरोबर भरतात. २१ ते २४ हे चार दिवस पूर्ण पेपर सोडवायला मोकळे राहतात.

रोजचे चारही धडे एकाच विषयाचे घेऊ नकोस, दोन विषयांचे दोन-दोन घे. एखादा दिवस बुडाला तर सगळं वेळापत्रक पुढे ढकलू नकोस, ते कधीच भरून येत नाही. त्या दिवशीची दुसरी-तिसरी फेरी दुसऱ्या दिवशी आधी उरकून घे आणि राहिलेले नवे धडे पुढच्या दिवसांत एकेक करून वाट.

प्रतिसाद – पायऱ्या_दाखवा

गणिताचं दुखणं निराळं आहे. सरावसंच २ मधली दहाही उदाहरणं त्याच रीतीची असतात, म्हणून रीत ओळखण्याची पाळीच येत नाही. पेपरात पहिलं काम तेच असतं.

उदाहरणं मिसळ. चार प्रकरणांतून तीन-तीन अशी बारा उदाहरणं चिठ्ठ्यांवर उतरव, प्रकरणाचं नाव लिहू नकोस. चिठ्ठ्या पिसून एकेक काढ. सोडवण्याआधी एका ओळीत लिही: काय दिलंय, काय काढायचंय, कुठली रीत आणि का. वेळ कमी असेल तेव्हा बाराही चिठ्ठ्यांची फक्त ही ओळ लिहिलीस तरी चालेल. सुरुवातीला चुका वाढतील, त्याने घाबरू नकोस. रोहरर आणि टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात सरावाच्या वेळी ओळीने सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर होती आणि मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्याने झालेल्या चाचणीत ओळीने सोडवणारे २० टक्क्यांवर आले, मिसळून सोडवणारे ६३ वर राहिले.

दुसरं, चुकांची वही. त्यात उदाहरण पुन्हा पूर्ण सोडवून ठेवू नकोस. पहिली चुकीची पायरी कोणती आणि ती का चुकली, एवढंच लिही. समजा, मुद्दल १०,०००, दर साल दर शेकडा १०, मुदत २ वर्षं, व्याज सहामाही चक्रवाढीने. दर ५ केला पण कालखंड २ च ठेवले, रास ११,०२५ आली. बरोबर रास १२,१५५.०६, कारण कालखंड ४. वहीत "सिली मिस्टेक" लिहून काही कळत नाही. "दर निम्मा केला की कालखंड दुप्पट" असं लिहिलं की पुढच्या वेळी हात थांबतो.

नववीचा_अभ्यास

खूप आभार! एक शंका. कोऱ्या कागदावर तीन-चार ओळींपलीकडे काहीच आलं नाही तर? आणि भाषेच्या पेपराचं काय?

प्रतिसाद – फळा_आणि_खडू

काहीच येत नसेल तर धड्यातली उपशीर्षकं कागदावर लिहून घे आणि त्यांच्याखाली आठव. दुसऱ्या फेरीत तेवढाही आधार काढून टाक. तरीही अडलं तर तो भाग समजलेलाच नसतो. तो आधी कुणाकडून तरी समजून घे, न समजलेलं आठवायला बसण्यात अर्थ नाही.

भाषेत व्याकरण आणि शब्दार्थ याच पद्धतीने होतील. निबंध, पत्र मात्र घड्याळ लावून पूर्ण लिहूनच बघ.

शेवटच्या चार दिवसांतले पेपरही वेळ लावूनच सोडव. पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा असेल तर गुणामागे दोन मिनिटं धर: १६० मिनिटं लिहायला, २० मिनिटं प्रश्न वाचायला आणि तपासायला. पाच गुणांच्या उत्तराला दहा मिनिटं झाली की थांब, खाली जागा सोड आणि पुढच्या प्रश्नाकडे वळ. आदल्या रात्री नवीन काही घेऊ नकोस. जुन्या कागदांवरची लाल शाई एकदा नजरेखालून घाल आणि वेळेवर झोप.