संगीत नाटकाला डिजिटल स्टेज ऑर्गन: घ्यावा का, आणि लावायचा कसा? (बेळगाव)

वडगावची_पेटी
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आमचं मंडळ संगीत नाटकाचा प्रयोग धरायलंय. मंडळाचा जुना पायपेटीचा ऑर्गन आहे, पण भाता गेलाय आणि टेम्पोत चढवायचा म्हटलं की चार माणसं शोधावी लागतात. इथल्याच एका ऑर्केस्ट्रावाल्याकडं यामाहाचा वायसी६१ हा डिजिटल ऑर्गन जुना मिळायलाय. मी जन्मभर हातपेटी वाजवलेला माणूस. त्यावरच्या नऊ दांड्या आणि दिव्यांची बटणं बघून जरा बिचकलोय. नाट्यपदांना हा चालेल काय? चालत असेल तर आवाज कसा लावायचा? आमच्या बाई काळी पाचात गातात, नायक काळी एक.

निपाणीकर७७
कशाला एवढा खर्च? साधा कीबोर्ड घ्या की, त्यात हार्मोनियमचा टोन असतोच.

टिळकवाडी_कीज
निपाणीकर, भजनाला ठीक आहे हो. पण त्या टोनमध्ये पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा, हळू दाबली की लहान. पेटीवाल्याचा हात तसा चालत नाही. तानेत एक स्वर ओरडतो, पुढचा गिळला जातो. ऑर्गनला बोटाच्या जोराशी देणंघेणं नसतं, म्हणून पेटीवाल्याला तोच सोयीचा. काका, भाव पटला तर घ्या. वजन सात किलोच्या आसपास, खांद्याला अडकवून रिक्षातनं न्याल.

आता दांड्या. त्यांना ड्रॉबार म्हणतात. हॅमंड ऑर्गन १९३५ मध्ये अमेरिकेत आला, ही मांडणी त्याचीच. डावीकडून १६, ५ १/३, ८, ४, २ २/३, २, १ ३/५, १ १/३ आणि १. हे फूट आहेत, चर्चमधल्या पाइप ऑर्गनच्या नळीची लांबी. ८ म्हणजे दाबलेला स्वर. १६ म्हणजे त्याचं खालचं सप्तक. ४, २ आणि १ ही क्रमानं वरची सप्तकं. प्रत्येक दांडी शून्य ते आठ एवढी बाहेर येते.

खरी मेख उरलेल्या चारांत आहे. ५ १/३, २ २/३ आणि १ १/३ हे पंचम, आणि १ ३/५ हा गंधार, तोही शुद्ध. ती दांडी बाहेर असताना तुम्ही सा दाबलात की वर बारीकसा शुद्ध ग वाजतोच. रे दाबलात की तीव्र म. बागेश्री किंवा भीमपलासातलं पद असेल, बाई कोमल गंधारावरून सा वर येऊन थांबल्या, की ऑर्गनच्या पोटातून शुद्ध गंधार डोकावणार. शिवाय हॅमंडच्या घडणीत तो गंधार समविभाजित (सप्तकाचे बारा सारखे भाग केलेला), म्हणजे नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा (शंभर सेंट म्हणजे एका पट्टीचं अंतर). गाणाऱ्याला नक्की काय खटकतंय ते सांगता येत नाही, आणि बोल पेटीवाल्याला बसतात. जॅझवाल्यांना आणि चर्चवाल्यांना हा भरणा हवाच असतो. आपल्याला नको.

म्हणून बाईंच्या पदांना ००-८४००-००० लावा: ८ पूर्ण बाहेर, ४ अर्धी, बाकी सगळ्या आत. नायकाला ४०-८३००-०००. नाट्यगृह मोठं असलं आणि आवाज मागं पोचत नसला तर २ ची दांडी दोनपर्यंत ओढा, त्यापुढं नको. पर्कशन, म्हणजे स्वराच्या सुरुवातीला वाजणारा ठोका, बंद. ते प्रत्येक स्वराला लागत नाही, सगळी बोटं उचलून पुन्हा दाबल्यावरच लागतं. त्यामुळं जोडून घेतलेल्या तानेत पहिल्या स्वराला 'टक' आणि पुढं काहीच नाही. लेस्ली, म्हणजे फिरत्या भोंग्याचा परिणाम, तोही बंद. तो जोरात फिरवला की नाट्यपदाची ऑर्केस्ट्रा पार्टी झालीच म्हणून समजा! व्हायब्रेटो-कोरसमध्ये, म्हणजे आवाज लहरवणाऱ्या परिणामात, सगळ्यात हलका सी१ तेवढा ठेवा. दुहेरी रीडच्या पेटीत किंचित फरकामुळं जी लाट येते, तिच्या जवळचं काहीतरी मिळतं. हुबेहूब नाही मिळत, पण रसिक उठून जाणार नाहीत.

सर्वांत महत्त्वाचं, पायानं आवाज लहान-मोठा करायचं एक्स्प्रेशन पेडल वेगळं विकत घ्या. तुमचा भाता तोच. यामाहाला यामाहाचंच एफसी७ घ्या. रोलंडच्या ईव्ही-५ ची आतली जोडणी उलटी असते, नुसतं जॅक बसतंय म्हणून घेऊ नका. पदाच्या सुरुवातीला पाय अर्ध्यावर, गायक थांबला की भरायचा, तो आला की सोडायचा. डावा हात मोकळा झाला म्हणून कॉर्ड धरू नका. मंद्रात सा-प पुरे.

ट्रान्सपोजचं बटण आहे, पण तुम्हाला कशाला? रामभाऊ विजापुऱ्यांसारख्या नामांकित पेटीवादकाच्या गावात पेटीवाल्यानं बटण दाबून पट्टी बदलायची म्हणजे अतीच झालं. शिवाय बाईंच्या पदानंतर बटण तसंच राहिलं, तर नायक कुठल्या पट्टीत उभा राहील देव जाणे.

खानापूर_साउंड
आवाजाचं मी सांगतो. एकच वायर टाकणार असशीला तर एल/मोनो लिहिलेल्या जॅकातच टाका. तिथनं डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज मिक्सरला जुळवून देणारी डबी), मग मिक्सर. घुं घुं आली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मोडायचा उद्योग कुणी करायला लागला तर हात धरा त्याचा. आणि साउंडवाल्याला आधीच सांगा हा ऑर्गन आहे म्हणून. आमच्या लोकांना कीबोर्ड दिसला की बेस वर करायची सवय. बेस कमी, मधला तेवढाच. गाणाऱ्यांसाठी एक छोटा मॉनिटर स्पीकर ऑर्गनच्या बाजूला ठेवा, नाहीतर हॉलमधनं फिरून आलेल्या आवाजावर सूर धरतात आणि मागं पडतात.

लाइटीचं बघा. लाइट जाऊन जनरेटरवर येईस्तोवर मशीन बंद, आणि परत चालू व्हायला वेळ घेतंय. कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस लावा. मशीन खाऊन खाऊन कितीसं खातंय.

वडगावची_पेटी
फार उपकार झाले. गंधाराचं तर डोक्यातच आलं नसतं. अजून एक. डाव्या बाजूला सूर सरकवायचं पिच बेंड असतंय ते वापरून मींड काढता येईल काय? आमचा तबलजी मागं लागलाय.

टिळकवाडी_कीज
पिच बेंडनं वाजणारे सगळेच स्वर एकदम सरकतात. डाव्या हाताचा सा-प पण सरकला की आधारच गेला. मींड बाईंना घेऊ द्या. तबलजींना तबला लावू द्या.

निपाणीकर७७
जुनं मशीन घेताना काय काय बघायचं, ते पण सांगा कोणीतरी.

खानापूर_साउंड
एक पट्टी धरून एकेक दांडी सावकाश आत-बाहेर करा. आवाज आपोआप वर-खाली थरथरला तर आत धूळ नाहीतर ओल. आमच्या खानापूर बाजूच्या पावसात तर हमखास येते. एखाद्या जागी आवाज एकदम उडी मारला तर दांडी झिजलीय, भाव कमी करा. मग सगळ्या ६१ पट्ट्या खालनं वर एकेक, आणि ऑर्केस्ट्रात जास्त झोडपलेल्या मधल्या दोन सप्तकांतल्या पट्ट्या भराभर दहा-दहा वेळा. पेडलचं जॅक हलवून बघा. अडॅप्टर कंपनीचा ओरिजिनल आहे काय विचारा. दुसराच कुठला तरी जोडलेला असंल तर ओरिजिनलचे पैसे कापूनच द्या.